वाढलेली बांगडी

वेळापुऱ्यांच्या दुकानात आजवर एकही बांगडी फुटलेली नाही. हसू नका. काचेचा धंदा आहे, रोज सुपलीभर चुरा निघतो, तो कागदात गुंडाळून टाकावा लागतो. पण फुटलेली म्हणाल तर एकही नाही. कासाराच्या घरात बांगडी फुटत नसते, ती वाढते. 'अगंबाई, वाढली की!' म्हणायचं आणि दुसरी काढायची. बांगडी फुटणं कशाशी जोडलेलं आहे ते कराडच्या पेठेतल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं, मग कासाराला नसेल का? संध्याकाळी दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. करंड्यातलं कुंकू संपत नाही, तेही वाढतं. शेवटाला आलेल्या गोष्टीला शेवट म्हणायचं नाही, असा सगळा कारभार. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जो घोळ झाला तो ह्या एका शब्दापायी झाला, आणि तो कुणाच्याच ध्यानात आला नाही, घरातल्यांच्यासुद्धा.

दुकान दिगंबरच्या आजोबांचं. दिगंबर गल्ल्यावर बसे, फिरोजाबादहून माल आणी, घासाघीस करी. पण हात भरायचा म्हटला की त्याची तारांबळ. बाईमाणसाचा हात हातात घेतला की गिऱ्हाइकाआधी हाच घामाघूम. खरा कासाराचा हात त्याच्या बायकोचा, सुलक्षणाचा. इचलकरंजीची लेक, बोलायला फटकळ, हात मात्र लोण्यासारखा. 'सैल सोड गं हात, मी काय खाते का तुला?' असं म्हणून होईपर्यंत बांगडी अंगठ्याचं हाड ओलांडून मनगटावर गेलेली असे. बायका सुलक्षणामावशीकडे बांगड्या भरायला यायच्या आणि दिगंबरकडे फक्त पैसे द्यायला.

त्या सुलक्षणाला एका दुपारी मेंदूत बारीकशी गुठळी आडवी आली. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, आठवण शाबूत. थोडक्यावर निभावलं म्हणून दिगंबरनं देवापुढं नारळ वाढवला. आठवडाभरात कळलं की काहीतरी गेलंय. ती चहाचं आधण ठेवायची आणि खिडकीशी जायची, खिडकीतून अंगणात, अंगणातून शेजारणीकडे. इकडे पाणी आटून भांडं लाल. गिऱ्हाइकाचा हात धरलेला, बांगडी बोटांपर्यंत आलेली, आणि हिची नजर पंख्याकडे. 'मावशी, भरा की.' 'हो गं,' म्हणायची, तेवढ्यात रस्त्यावरच्या टेंपोमागं तिचं मन निघून जायचं. आणि तिला कळायचं सगळं, हेच वाईट होतं. "अहो," ती एकदा दिगंबरला म्हणाली, "मी जे करायला घेते ते कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतंय." आणि रडायला लागली. रडता रडता मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.

पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टर, नीरजा खांडेपारकर, बाई समजावून सांगणारी होती. म्हणाली, "मेंदूच्या अगदी पोटात अक्रोडाएवढे दोन गोळे असतात. त्यांना थॅलॅमस म्हणतात. डोळ्यांचं, कानांचं, कातडीचं जे काही असेल ते आधी तिथं येतं आणि मग वरच्या मेंदूकडे जातं. पूर्वी लोकांना वाटायचं, ही नुसती टपाल कचेरी. तसं नाही. आत्ता मला काय करायचंय, हे कपाळामागचा मेंदू ठरवतो, आणि थॅलॅमस ते धरून ठेवायला त्याला मदत करतो. दोघांत सारखी ये-जा चालते. शिवाय थॅलॅमसभोवती पेशींचा एक पातळ पापुद्रा असतो. तो दाराशी बसल्यासारखा, कामाचं नाही त्याला अडवतो. तुमच्या मिसेसचा मधला भाग दुखावलाय. त्यांचं ठरवणं जागेवर आहे, धरून ठेवणं गेलंय आणि दार सताड उघडं पडलंय. पंखा, टेंपो, कॅलेंडर, सगळे आत."

"मग दाराला कडी लावा की," दिगंबर म्हणाला.

"आता लावता येते," डॉक्टर म्हणाल्या.

ती कडी म्हणजे 'लक्षधारक'. केसाएवढी तार आत थॅलॅमसपर्यंत, कातडीखाली छोटी बॅटरी आणि कानामागं बोटभर पट्टी. माणसानं एक काम ठरवलं की त्या कामाच्या वेळी मेंदूत जी लय चालते तिला ही तार टेकू देते, आणि दाराशी बसलेल्या त्या पापुद्र्यालाही जागं ठेवते. काम कुठलं, कधी सुरू झालं, कधी सुटलं, हे यंत्राला कळायचं माणसाच्या स्वतःच्या गळ्यातून. 'आता चहा करायचा' म्हटलं की पकड बसे. ढिली वाटली तर म्हणायचं 'वाढव', त्यातलं नुसतं 'वाढ' ऐकलं तरी यंत्राला पुरे. उरकलं की 'संपलं'. भूक, तहान, झोप, एवढ्यांना मात्र दार कायम उघडं ठेवलेलं.

"संपलंच म्हणायचं का?" सुलक्षणानं नाक मुरडून विचारलं होतं. "झालं म्हटलं तर?"

"झालं आपण उठताबसता म्हणतो हो. काय झालं, बरं झालं, जेवण झालं का. यंत्र गोंधळतं. संपलं असं उगाच कुणी म्हणत नाही."

ते मात्र खरंच होतं.

कायदाही मोठा कडक होता, आणि तो असायलाच हवा होता. ही यंत्रं नवीनवी आली तेव्हा कारखानदारांनी कामगारांच्या आणि क्लासवाल्यांनी पोरांच्या लक्षाला बाहेरून कड्या घातल्या होत्या. पोरं पुस्तकातून मान वर काढेनात. घरात माणूस गेलेलं कळेना. तेव्हापासून नियम झाला की कुणाच्या लक्षावर दुसऱ्याचा हात नको. लावायचं, वाढवायचं, सोडायचं, सगळं ज्याचं त्याच्या तोंडून. डॉक्टरचा शब्द चालणार नाही, नवऱ्याचाही नाही. दिगंबरला हा नियम फार आवडला होता. न्यायाची गोष्ट आहे, असं तो चारचौघांत सांगायचा.

सुलक्षणा यंत्राला 'खुंटी' म्हणायची. एवढं सगळं तिनं सोसलं ते एकाच हट्टापायी. त्यांची एकुलती एक गार्गी, बंगळुरूला नोकरीला, तिचं लग्न ठरलेलं. "गावातल्या सगळ्या पोरींचे चुडे मी भरले आणि माझ्या पोरीचा दुसरी कुणी भरेल?" ती म्हणायची. "त्यापेक्षा मला पोचवून या." दवाखान्यातून आल्यावर ती खुंटीवर एकेक काम अडकवायला शिकली. 'भाजी चिरणं संपलं', 'धुणं संपलं'. संपलं म्हणताना आवाज बारीक करायची, चोरी केल्यासारखी. पण चहा पुन्हा कपात यायला लागला. दिगंबरला वाटलं, आपली बायको परत मिळाली.

चुड्याच्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. सुलक्षणा पाटावर बसली, समोर गार्गी. हिरव्या बांगड्यांच्या पेट्या उघडलेल्या. सुलक्षणा खणखणीत आवाजात म्हणाली, "आता गार्गीचा चुडा भरायचा." कानामागच्या पट्टीवर हिरवा ठिपका लागला. आणि मग ती काय भरत होती म्हणून सांगू! पंखा नाही, टेंपो नाही, पोराटोरांचा गलका नाही. तिला फक्त लेकीचा हात. दिगंबर दाराशी उभा राहून उपरण्यानं डोळे पुसत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

अंगठ्याशी एक बांगडी कडकली. "वाढली गं," सुलक्षणा सहज म्हणाली. पट्टीवर दुसरा ठिपका लागला. पुढची अर्ध्यात आली आणि तीही गेली. "हीपण वाढली! हाडं बापावर गेलीयत हिची." बायका हसल्या. तिसरा ठिपका लागला. दिगंबरनं तो पाहिला आणि त्याला वाटलं, पकड छान बसतेय.

दोन्ही हात भरले, गार्गी पाया पडली. दिगंबर वाकून बायकोच्या कानात म्हणाला, "आता ते म्हण."

"काय?"

"तेच. खुंटीचं."

सुलक्षणानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागं सरला. "पोरीच्या चुड्याला? तुमच्या जिभेला काही हाड?" मग ती बायकांकडे वळून हसत म्हणाली, "चला गं, आता दुकान वाढवा."

पट्टीवर चौथा ठिपका लागला. जिभेच्या हाडाचं ते बोलणं तिनं त्याला उद्देशून केलेलं शेवटचं.

लग्नात ती लेकीचं मनगट धरूनच होती. लोक म्हणाले, आईचा जीव तो. गार्गी गाडीत बसताना "येते हं आई" म्हणाली तेव्हाही सुलक्षणा तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहत होती. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन आपल्या जागी बसली, हिरवी बांगडी बोटांच्या टोकांवर धरून. कुणी आलं की त्याचं मनगट निरखायची. "ही नव्हे," म्हणायची.

दिगंबरला आधी वाटलं, रागावलीय. लग्नात व्याह्यांच्या पानाला उशीर झाला होता, ते मनाला लागलं असेल. त्यानं समजूत काढली, चहा आणून दिला. तहान लागली तेव्हा तिनं तो प्यायला. त्याच्याकडे पाहिलं नाही. तो चिडला, ओरडला. शेवटी त्यानं तिच्या पाठीमागं पितळी घंगाळं दाणकन फरशीवर आपटलं. शेजारच्या दुकानातले धावत आले. सुलक्षणाची मान हलली नाही.

डॉक्टर कराडला आल्या. त्यांनी पट्टीवरचे चार ठिपके पाहिले आणि विचारलं, "चुडा भरताना काय काय म्हणाल्या त्या?" दिगंबर आठवून आठवून सांगायला लागला. 'वाढली' म्हणेपर्यंत त्याची त्यालाच जीभ अडकली.

"मी मडगावची हो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, वाढव म्हणजे वाढव."

"मी तर कासार आहे," दिगंबर म्हणाला. "मलाही तेच वाटलं. बंद करा ते."

"बंद केलं तर पहिल्यासारख्या होतील. कदाचित त्याहून वाईट."

"होऊ दे. तेव्हा ती पंख्याकडे बघायची, टेंपोकडे बघायची, पण मध्येच माझ्याकडेही बघायची."

"पण त्यांना विचारल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"मग विचारा की!"

त्यांनी विचारलं. समोर बसून, कानाशी वाकून, लिहून दाखवून विचारलं. सुलक्षणानं डॉक्टरांचं मनगट पाहिलं. "ही नव्हे," ती म्हणाली. कडी काढायची का, हे विचारणाराच दाराबाहेर उभा. मग समिती आली. तीन भली माणसं, त्यांनीही विचारलं. खाणं ठीक, झोप ठीक, नाडी ठीक, चेहऱ्यावर त्रास नाही. रुग्ण समाधानी आहे, असं लिहून गेली. दिगंबरनं कोर्टात अर्ज टाकला. कोर्टानं तारीख दिली, मग पुढची तारीख दिली.

थोरला भाऊ विलास सांगलीहून येऊन तावातावानं बोलला. "दिग्या, हातात बांगड्या भरल्यास काय? बायको दगड होऊन बसलीय आणि तू तारखा घेत फिरतोयस! उपटून टाक ती पट्टी!"

दिगंबरनं तोही विचार केला होता. पट्टी उपटली तरी आतली तार चालूच राहणार होती, आणि ओढाताण झाली तर डोक्यात रक्तस्राव. एकदा त्याचा हात तिच्या कानापर्यंत गेलाही. तिच्या केसांना लागला. तिला ते कळलंही नाही. त्यानं हात मागं घेतला आणि मोरीत जाऊन पोटभर रडला.

वासाला थॅलॅमसची परवानगी घ्यावी लागत नाही, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणून गेल्या होत्या. सगळ्या संवेदनांत तेवढाच वाट सोडून थेट वर जातो. दिगंबरनं तेवढंच धरलं. सुलक्षणाचा जीव कटाच्या आमटीवर. ह्यानं जन्मात कधी फोडणी केलेली नाही, पण डाळ शिजवली, कट काढला, गोडा मसाला, चिंचगूळ सगळं घालून आमटी दुकानातल्या शेगडीवर उकळत ठेवली. वास सुटला. सुलक्षणाच्या नाकपुड्या हलल्या. तिनं मान अर्धी वळवली. दिगंबर पळी हातात घेऊन श्वास धरून उभा. "सुला," तो म्हणाला, "मीठ बघ गं जरा."

तिची मान परत बांगडीकडे वळली.

"वास आत येतो हो," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "पण त्याच्याकडे लक्ष द्यायचं की नाही, हे परत तिथंच ठरतं." आमटी खारट झाली होती. त्यानं एकट्यानं बसून ती खाल्ली.

सणाला गार्गी आली. तिला पाहिल्याबरोबर सुलक्षणाचा चेहरा असा उजळला की दिगंबर गल्ल्यावरून उठून उभाच राहिला. तिनं लेकीचा हात ओढून घेतला, हिरव्या बांगड्या चाचपल्या. "बस," म्हणाली.

"आई, भरलाय चुडा. तूच भरलास. बघ ना." गार्गीनं दोन्ही हात पुढं केले. "आता संपलं म्हण. एकदाच."

"असं बोलू नये गं," सुलक्षणा म्हणाली. लेकीचं ऐकू येत होतं तिला! चुड्याचं होतं ना ते. दिगंबर पुढं सरसावला, "सुला, ऐक तिचं," असं म्हणाला, पण त्याचं बोलणं चुड्याचं नव्हतं.

गार्गीनं खूप समजावलं. वैतागली, हात जोडले. मग एकाएकी तिनं डावा हात दुकानाच्या दगडी उंबऱ्यावर आपटला. काच उडाली. "बघ! फुटली! फुटली ना आई? बोल की, फुटली म्हणून!"

सुलक्षणानं काचेचे तुकडे पाहिले. मग अगदी मायेनं लेकीचं मनगट कुरवाळलं. "वाढली गं, वाढली," ती म्हणाली. "घाबरू नको. थांब, दुसरी देते."

पट्टीवर पाचवा ठिपका लागला. सहावा नसतो.

गार्गी थोडे दिवस राहिली, पण जन्मभर आईसमोर हात धरून कशी बसेल? दिगंबरनंच तिला जा म्हटलं. "येते" म्हणायला तिला तोंड उघडेना. नुसतीच गेली.

डॉक्टर एकदा चाचरत म्हणाल्या होत्या, एखादा जबर धक्का बसला तर तो शब्द कदाचित तोंडून निघेल. धक्का कसला द्यायचा हे दिगंबरला कळत होतं. सुलक्षणाच्या स्वतःच्या हातातल्या बांगड्या. त्या फोडायच्या म्हणजे तुझा नवरा मेला असं तिला सांगायचं. त्यानं तेही केलं असतं. मेला म्हणवून घ्यायला त्याची ना नव्हती. पण ती काय म्हणाली असती हे त्याला पाठ होतं.

एका टळटळीत दुपारी पेठेत सामसूम होती. सुलक्षणा आपल्या जागी बांगडी धरून बसलेली. दिगंबर गल्ल्यावरून उठला. विलासचं बोलणं त्याच्या डोक्यात घुमत होतं, आणि आज त्याचा राग येत नव्हता. त्यानं फळीवरून सगळ्यात मोठ्या मापाची हिरवी पेटी काढली, तिच्यापुढं ठेवली. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. मग गिऱ्हाइकाच्या पाटावर बसला आणि आपला केसाळ हात तिच्यापुढं धरला.

तिनं मनगटाकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. 'ही नव्हे' म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला.

तिनं हात धरला.

इतक्या महिन्यांनी. तोच लोण्यासारखा हात. तिनं बोटं जुळवली, अंगठ्याच्या मुळाशी, लेकीनं बापाकडून घेतलेल्या त्या हाडाशी दाबलं. "सैल सोड गं हात," म्हणाली, "मी काय खाते का तुला?"

त्यानं हात सैल सोडला. एक बांगडी गेली, दुसरी गेली. तिसरी हाडाशी अडली, तिनं रेटली, ती कडकली आणि काच खच्चकन तळहाताच्या कडेत शिरली. रक्त आलं.

"वाढली," सुलक्षणा म्हणाली. मग तिनं रक्त पाहिलं. बांगडी भरताना हात कापला की कासारीण आधी तो बघते. तेही चुड्याचंच काम. तिनं पदराचं टोक जखमेवर दाबून धरलं आणि मान खाली घालून फुंकर घातली.

"लागलं का गं?" तिनं विचारलं.

त्या 'गं'कडे दिगंबरनं काणाडोळा केला. घरात कुणीतरी विचारलं होतं.

"नाही," तो म्हणाला, "नाही लागलं." आणि त्यानं दुसरा हात पुढं केला.